चाक बाहेर किती काढायचं?

टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस कधी थेट मागून पाहा. सव्वापाच मीटरहून लांब गाडी, रुंद हौदा, आणि मडगार्डच्या फुगीर कमानींखाली चाकं मात्र चांगली दोन बोटं आत. थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखी ती दिसते. शोरूममध्ये हे कुणाला खटकत नाही. मग कधीतरी ढाब्यावर शेजारी तीच गाडी येऊन उभी राहते, पण तिची चाकं मडगार्डच्या कडेशी बरोबर भिडलेली असतात, आणि त्या दिवसापासून आपली गाडी डोळ्यांना बोचायला लागते. त्या मालकाला विचारलं तर दोनांपैकी एक उत्तर मिळतं. ‘स्पेसर टाकलेत’ किंवा ‘रिम बदलल्या’.

या दोन उत्तरांचे गॅरेजांमध्ये दोन पक्षच झालेत. एक म्हणतो, स्पेसर म्हणजे बेअरिंगचा काळ, त्यापेक्षा चांगल्या रिम घ्या. दुसरा म्हणतो, चार चकत्यांत काम भागतंय तर रिम-टायरवर एवढा पैसा कशाला ओतायचा? भांडण रंगतं, पण चाक नेमकं किती मिलिमीटर बाहेर हवंय हे कुणीच विचारत नाही. तो आकडा आधी काढला तर स्पेसर की रिम, हा वाद बहुतेक वेळा उरतच नाही. पुष्कळदा असंही कळतं, की काहीच करायची गरज नव्हती.

चाकं आत आहेत हे कंपनीला दिसत नाही असं थोडंच आहे! पिकअपच्या मागच्या चाकांवर पाटे असतात आणि हौद्यात माल भरला की ते बसतात. पाटे बसले की टायर मडगार्डच्या पोटात शिरतो. तिथे त्याला जागा लागते. शिवाय हायलक्ससारखी गाडी शंभराहून अधिक देशांत विकली जाते. कुठे बर्फात टायरला साखळ्या बांधतात, कुठे टायर मडगार्डबाहेर डोकावला की दंड होतो. त्यात एकाच सांगाड्यावर अरुंद टायरची साधी गाडी आणि रुंद टायरची ऐटदार गाडी अशा दोन्ही उभ्या करायच्या असतात. या सगळ्यांत जी जागा कुणालाच अडचणीची नाही, ती कंपनी निवडते. रिकाम्या हौद्यानिशी, सपाट फरशीवर मागून पाहणाऱ्या माणसाला ती जागा आवडेलच असं नाही.

आता आकडा. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. हबला टेकणारं रिमचं सपाट तोंड या मध्यापासून जितकं दूर, तितका ऑफसेट. तोंड मध्यापासून बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक, चाक आत. तोंड आतल्या बाजूला सरकलं तर ऑफसेट उणे, चाक बाहेर. हायलक्सची मूळ रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट अधिक ३०. म्हणजे हबच्या तोंडापासून रिमची बाहेरची कड सुमारे ६५ मिमी बाहेर आणि आतली कड सुमारे १२५ मिमी आत. यावर २५ मिमीचा स्पेसर घातला की ऑफसेट उरला अधिक ५.

रिमच्या पाठीवर ऑफसेट बहुधा कोरलेला असतो. जुन्या रिम विकत घेताना तो कधी घासलेला, कधी रंगाखाली बुजलेला असतो. तेव्हा रिम पालथी ठेवा, आतली बाजू वर. दोन्ही कडांवर टेकेल अशी एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबच्या तोंडापर्यंत टेप सोडा. हायलक्सच्या मूळ रिमला हे अंतर साधारण १३८ मिमी भरतं. त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग, म्हणजे १०८, वजा करा. उरले ३०. एकूण रुंदी मोजताना कडांची जाडीही धरायची. साडेसात इंच हे आतलं, टायर बसतो तेवढं माप आहे. कडांसह ते साडेआठ इंचांच्या आसपास जातं. अमेरिकेत लोक ऑफसेट न सांगता थेट हे पट्टी ते तोंड अंतरच इंचात सांगतात, त्यामुळे तिकडच्या रिमचा तक्ता वाचताना गफलत होते.

चाक किती बाहेर हवं हे ठरवायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. गाडी सपाट जागी उभी करा, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ३५ मिमी निघालं. मग २५ मिमीने चाक बाहेर आलं तरी टायर मडगार्डखालीच राहतो. हे मोजमाप मागच्या चाकांवर एकदा रिकामी गाडी घेऊन आणि एकदा हौद्यात नेहमीचा माल भरून करायचं. खताची पोती, सिमेंट, जनरेटर, जे काही तुम्ही खरोखर वाहता ते. माल भरल्यावर चाक वर येतं आणि कमानीचा वाकलेला ओठ टायरच्या जवळ येतो. रिकाम्या गाडीवर बसवलेलं चाक पहिल्याच खेपेला मडगार्ड सोलून काढतं ते यामुळेच.

पुढच्या चाकांचा हिशेब आणखी वेगळा आहे. चाक वळतं तेव्हा ते ज्या आसाभोवती फिरतं तो आस चाकाच्या आतल्या बाजूला असतो. चाक बाहेर सरकवलं की टायर त्या आसाभोवती मोठं वर्तुळ मारतो. पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर टायरची मागची कड केबिनखालच्या माउंटला आणि पुढची कड बंपरच्या लायनरला घासते. मालकाला वाटतं, टायर मोठा घेतला म्हणून घासतोय. पुष्कळदा टायर तोच असतो, ऑफसेट बदललेला असतो. अमेरिकेत टोयोटाच्या टकोमावर रुंद चाकं बसवणारे लोक केबिनच्या माउंटचा कोपरा चक्क कापून परत वेल्ड करतात. दिसायला बरं म्हणून केलेली गोष्ट सांगाड्याला करवत लावण्यापर्यंत जाते.

त्या आसाची रेघ खाली वाढवली तर ती जमिनीला एका बिंदूत टेकते. तो बिंदू आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य यांत कंपनीने थोडंसंच अंतर ठेवलेलं असतं. चाक २५ मिमी बाहेर गेलं की हे अंतर तेवढ्याने बदलतं. मग एक चाक खड्ड्यात गेलं तर स्टिअरिंग हातातून हिसका मारतं. एका बाजूचा ब्रेक जास्त पकडला तर गाडी तिकडे ओढते. डांबरी जुन्या रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या असतील तर गाडी त्या चाकोरीच्या मागे धावते. हे सगळं सोसण्यासारखं असतं, पण असतं. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याने गाडी बहुधा पुलावरून आणि नव्या महामार्गावरूनच चालवलेली असते.

बेअरिंगचं काय? इथे पहिल्या पक्षाचा दावा अर्धाच खरा आहे. एका चाकावर साडेसातशे किलो भार धरा. चाक २५ मिमी बाहेर गेलं की बेअरिंगवर जादा पीळ येतो १८-१९ किलोग्रॅम-मीटर. आकडा मोठा वाटतो. पण घाटातल्या नेहमीच्या वळणावर बाजूच्या रेट्यातून त्याच बेअरिंगवर येणारा पीळ सहज शंभर किलोग्रॅम-मीटरच्या पुढे जातो, कारण तिथे टायरची जवळपास ३९ सेंटीमीटरची त्रिज्या तरफेसारखी काम करते. म्हणजे २५ मिमीने बेअरिंग लगेच मोडत नाही. फरक इतकाच, की वळण येतं आणि जातं, हा जादा पीळ मात्र गाडी सरळ चालली तरी प्रत्येक फेऱ्यात हजर असतो. खड्ड्यात आदळताना तो त्या क्षणापुरता अनेक पट होतो. बेअरिंगचं आयुष्य भाराच्या साधारण तिसऱ्या घाताने घटतं, म्हणून थोड्या वाढीलाही मोल आहे. आणि ५० मिमी हा २५ च्या दुप्पट त्रास नव्हे, बराच जास्त.

पण हाच पीळ अधिक ५ ऑफसेटची नवी रिम लावूनही येतो, तेवढाच. बेअरिंगला मधे चकती आहे की रिमच तशी ओतली आहे, हे कळायला मार्ग नाही. तेव्हा ‘स्पेसर नको, बेअरिंग जातील, त्यापेक्षा शून्य ऑफसेटच्या रिम घ्या’ हा सल्ला देणारा स्वतःच्याच वाक्यात अडकतो. स्पेसरची खरी गोम दुसरीकडे आहे, जोडात.

नट आवळताना आपण वास्तविक स्टड ताणत असतो. टोयोटाच्या १२ मिमीच्या स्टडवर ११० न्यूटन-मीटरने नट आवळला की तो सुमारे साडेचार टनांच्या जोराने रिमला हबवर दाबतो. सहा नटांचे मिळून सत्तावीस-अठ्ठावीस टन. या दाबाने दोन सपाट तोंडांत जे घर्षण तयार होतं त्यावर चाक अडकलेलं असतं. नीट आवळलेल्या चाकात स्टडच्या अंगावर आडवा भार जवळपास येतच नाही. दाब घटला, तोंडं एकमेकांवर केसभर सरकू लागली, की मात्र तो भार स्टडवर येतो. स्टड त्यासाठी बनवलेलेच नसतात. मग ते एकामागून एक तुटतात.

हे लक्षात घेतलं की स्पेसरबद्दलचे सगळे नियम आपोआप सुचत जातात.

पातळ स्पेसर, ५ मिमीचा, हबवर नुसता सरकवतात आणि मूळ स्टडवरच नट लावतात. यात स्टडची ५ मिमी लांबी खर्ची पडते. नट हाताने लावा आणि टेकेपर्यंत फेरे मोजा. पकड निदान स्टडच्या जाडीइतकी हवी. आट्यांमधलं अंतर दीड मिमी, स्टड १२ मिमी. म्हणजे आठ पूर्ण फेरे. सहाव्या फेऱ्याला नट बसला तर तो स्पेसर त्या गाडीचा नाही. लांब स्टड ठोकून घ्या किंवा चकती परत करा. एअर गनने नट चढवणाऱ्या पोराला हे कळणं शक्य नाही, कारण गन फेरे मोजत नाही.

जाड स्पेसर, २५ मिमीच्या पुढचा, वेगळा असतो. तो स्वतःच्या नटांनी हबवर बसतो आणि त्याच्या अंगातून निघालेल्या नव्या स्टडांवर रिम बसते. चांगल्या प्रतीचा असेल तर जोड म्हणून हा पातळ स्पेसरपेक्षा बरा. पण आता एका चाकाला बारा नट झाले आणि त्यांतले सहा रिमच्या मागे दडले. टायर फिरवायला दिला, पंक्चर काढलं, अलाइनमेंट केली, दरवेळी बाहेरचे सहा तपासले जातात. आतल्या सहांकडे चाक उतरवल्याशिवाय पोचताच येत नाही, आणि चाक उतरवलं तरी पोचायचं कुणाला सुचत नाही. स्पेसरमुळे चाक निखळल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यांतल्या पुष्कळांचं मूळ या आतल्या सहांत असतं. आणखी एक बारीक अडचण आहे. हबचे मूळ स्टड स्पेसरच्या जाडीपेक्षा लांब असतील तर ते स्पेसरच्या तोंडाबाहेर येतात. रिमच्या पाठीला त्यांच्यासाठी खळगे नसतील तर रिम तोंडावर न टेकता त्या टोकांवर टेकते. बाहेरून काही दिसत नाही. नट आवळलेला भासतो आणि पहिल्या शंभर किलोमीटरांत सैल होतो.

दुकानातला संवाद साधारण असा होतो:

‘दादा, हब रिंग आहे ना याला?’

‘शेठ, सहा नट आहेत, रिंग कशाला पायजे? चाक काय पळून जातंय का?’

दादाचं अर्धं बरोबर आहे. वजन नटांच्या दाबावरच पेललं जातं, रिंगवर नाही. पण चाक बसवताना ते बरोबर मध्यावर बसवायचं काम हबच्या मधल्या गोल ओठाचं असतं. हायलक्सचा हा ओठ १०६ मिमीचा आहे. बाजारातली सर्वांना चालेल अशी ११० मिमी भोकाची रिम त्यावर दोन-दोन मिमी सैल बसते आणि सगळी भिस्त नटांच्या उतारावर येते. मग ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मालक तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतो आणि थरथर काही जात नाही. शंभरेक रुपयांच्या रिंगने हे मिटतं. स्पेसर घ्यायचाच तर मागे हबच्या मापाचं भोक आणि पुढे तेवढाच नवा ओठ कातलेला घ्यावा. धातू ६०६१-टी६ जातीचा अॅल्युमिनियम असावा. ओतीव चकती नको. आणि स्टडवर जाड वॉशर चढवून ‘देशी स्पेसर’ करायचा जो रस्त्याकडेचा जुगाड आहे, त्यात पाच-सहा वॉशरांच्या कडांवर तीन टनांची गाडी उभी राहते. सपाट तोंड कुठे टेकतच नाही. याला धाडस म्हणावं की अडाणीपणा, ते तुम्ही ठरवा.

तोंडं स्वच्छ असणंही तितकंच गरजेचं. हबवर गंजाचा पापुद्रा असेल तर तो वायर ब्रशने घासून काढायचा. जुन्या रिम नव्या रंगात पावडर कोटिंग करून घेतात तेव्हा कारागीर टेकणाऱ्या तोंडावर आणि नटाच्या खळग्यातही जाड थर मारून ठेवतो, कारण तसं रिम जास्त चकाकते. तो थर दाबाखाली हळूहळू चेपतो आणि नटांतला ताण तेवढा कमी होतो. कोटिंगला देतानाच ती जागा चिकटपट्टीने झाकायला सांगावी. आटे कोरडे ठेवावेत. तेल लावलेला नट त्याच टॉर्कवर जास्त ताणला जातो. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट घेत, आणि ऐंशी-शंभर किलोमीटरांनंतर पुन्हा एकदा. नटाच्या मुळाशी गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसली की तो नट सैल चालून आला आहे असं समजावं.

रिमकडे वळलं की प्रश्न सोपे होतात, पण जास्त होतात. स्टडांच्या वर्तुळाचा व्यास जुळलाच पाहिजे. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोघींचे सहा स्टड १३९.७ मिमीच्या वर्तुळावर. हा विचित्र आकडा म्हणजे बरोबर साडेपाच इंच. जुन्या विलीज जीपचे पाच स्टडही याच वर्तुळावर होते, जिप्सीचे आणि जिम्नीचेही आहेत. अमेरिकेतल्या शेवरोले सिल्व्हरॅडो १५०० चे सहा स्टडही १३९.७ वर, पण फोर्डच्या एफ-१५० ने २००४ पासून सहा स्टड १३५ वर ठेवलेत. व्यासात फरक फक्त ४.७ मिमी. म्हणजे प्रत्येक स्टड २.३५ मिमी सरकलेला. जोर लावला तर चढेल असं वाटतं आणि तिथेच घात होतो. नटाची बैठकही पाहायची. टोयोटाच्या अनेक कंपनी-अलॉयवर सपाट वॉशरचा, दांडीचा नट येतो, तर बाजारातल्या बहुतेक अलॉयला ६० अंशांच्या उताराचा नट लागतो. जुने नट नव्या रिमला वापरून पैसे वाचवले तर नट खळग्यात टेकतो जेमतेम एका रेघेवर.

मग भार. हायलक्सच्या १८ इंची टायरवर ११० हा निर्देशांक आहे, म्हणजे एका टायरला १०६० किलो. कारसाठी बनवलेली देखणी अलॉय याच वर्तुळाची मिळाली तरी तिच्या पाठीवर ६९० किलो कोरलेलं असू शकतं. हौद्यात माल असताना मागच्या चाकांवर तेवढा भार सहज पडतो. जपानी प्रमाणात कारच्या अलॉयवर जेडब्ल्यूएल आणि ट्रक-बसच्या अलॉयवर जेडब्ल्यूएल-टी अशी वेगवेगळी खूण असते. खूण कोरणं सोपं आहे, म्हणून ती एकटी पुरावा ठरत नाही, पण खूणच नसेल तर बोलणं तिथेच थांबवावं.

धातूबद्दल थोडक्यात. लोखंडी रिम वजनदार, पण खड्ड्यात वाकली तर गावातला पंक्चरवाला हातोडीने हवा धरण्याइतकी सरळ करून देतो. ओतीव अलॉय हलकी, तडा गेला की गेली. ‘मॅग सरळ करून मिळतील’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. तापवून सरळ केलेल्या अलॉयची ताकद कुठे कमी झाली हे डोळ्यांना दिसत नाही, आणि वेल्डिंग केलेली रिम मी स्वतः पुढच्या चाकावर कधीच लावणार नाही. फोर्ज केलेल्या रिम सर्वांत मजबूत, किंमतही तशीच. ज्याची गाडी वर्षातले चार महिने वरंधा किंवा आंबोली घाटातल्या पावसात जाते, त्याने फोर्जच्या पैशांत चांगले टायर घेतले तर जास्त हुशारी होईल.

व्यास वाढवायचा मोह तर आवरावाच. २० इंची रिमवर टायरची भिंत उरते तोकडी, आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा आधी त्या भिंतीला भेटतो. हायलक्सच्या दोन आवृत्त्यांना २६५/६५ आर१७ आणि २६५/६० आर१८ असे टायर येतात. हिशेब केला तर दोन्हींचा एकूण व्यास ७७६ आणि ७७५ मिमी, म्हणजे एकच. १७ वाल्याच्या भिंतीला तेवढं जास्त रबर, बस्स. कच्च्या रस्त्यासाठी १७ च उत्तम. २८५/७० आर१७ घेतला तर व्यास ८३१ वर जातो, ७ टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा ७ टक्के जास्त धावते, गिअर तेवढे लांब होतात, ब्रेकला तेवढी लांब तरफ अडवावी लागते. शिवाय जाड बांधणीच्या अशा एका टायरचं वजन मूळ टायरपेक्षा कित्येक किलोंनी जास्त भरतं, आणि ते सगळं स्प्रिंगच्या खाली, जिथे एक किलोही जड जातो.

रिम निवडताना एक सोय अशी मिळते, जी स्पेसरला कधीच जमत नाही. ८ इंच रुंद, अधिक १० ऑफसेटची रिम घ्या. बाहेरची कड मूळपेक्षा २६ मिमी बाहेर येते, म्हणजे दिसायला २५ च्या स्पेसरइतकंच. पण टायरचा मध्य सरकतो फक्त २० मिमी, कारण बाकीचं काम रुंदीने केलेलं असतं. बेअरिंगला आणि स्टिअरिंगला २५ ऐवजी २० चा त्रास. आतली कड मूळपेक्षा आत येत नाही, शॉक अॅब्सॉर्बरला धोका नाही. २६५ चा टायर ८ इंची रिमवर नीट बसतो. उलट ९ इंच रुंद, शून्य ऑफसेटची रिम घेतली, जी दुकानात सर्वांत पुढे टांगलेली असते, तर बाहेरची कड तब्बल ४९ मिमी बाहेर येते. टायर मडगार्डबाहेर, चिखल दारांवर आणि आरशांवर. पावसाळ्यात मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावरही.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे सर्वांत निर्धोक वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीला कंपनीनेच दिलेली रिम आणि टायर. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकांकडेच आधी पाहतो, तेव्हा बदल कळवलेला असला तर बरं. बाहेरच्या देशांत एकच नियम नाही. जर्मनीत स्पेसर उघड विकतात, पण कुठल्या गाडीला, कुठल्या रिमवर, किती जाडीचा याचा चाचणी-कागद सोबत लागतो. ऑस्ट्रेलियात, जिथे हायलक्स घराघरांत आहे, राष्ट्रीय बदल-संहितेला कंपनीने न दिलेला स्पेसर चालत नाही. रिमच्या ऑफसेटने चाकांमधलं अंतर ठरावीक मर्यादेत वाढवलेलं मात्र चालतं. भूमिती एकच असताना एकाला हो आणि दुसऱ्याला नाही, याचं कारण वर पाहिलं तेच, जास्तीचा जोड. आणि कारखानेही गरज पडली की जोड वाढवतातच. अमेरिकेतल्या मागे चार चाकं असलेल्या मोठ्या पिकअपना पुढची खोलगट रिम बसावी म्हणून हबवर लांबीचा वाढीव तुकडा कंपनीच देते. त्याचं बेअरिंग, स्टड, टॉर्क, सगळं त्या हिशेबाने आखलेलं असतं.

मग कुणी काय करावं? हौद्यात रोज माल वाहणाऱ्याने काहीही करू नये, चाकं आहेत तिथेच ठेवावीत. शहरात फिरवायला पिकअप घेतलेल्याने ८ इंची, अधिक १० ते २० ऑफसेटच्या, भार पुरेशा लिहिलेल्या रिम घ्याव्यात आणि मूळ टायरच वापरावेत. पातळ स्पेसरला एकच खरं निमित्त दिसतं: मोठा ब्रेक कॅलिपर किंवा नवा शॉक अॅब्सॉर्बर रिमच्या आतल्या कडेला चार-पाच मिमीने घासतोय, रिम मात्र बाकी सर्व दृष्टींनी योग्य आहे. दिसण्यासाठी ५० मिमीचे स्पेसर घालणाऱ्याला मी अडवणार नाही, पण त्याच्या गाडीमागे घाट उतरायलाही जाणार नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी स्टेपनीकडे एकदा वाकून बघा. चार चाकं बदलली, पाचवं हौद्याखाली जुनंच लटकतंय. मागच्या दोन चाकांचे व्यास वेगळे झाले तर डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही फिरत राहतं, आणि चार चाकी ड्राइव्ह लावली तर सगळा गिअरबॉक्स त्या फरकाशी झुंजतो. व्यास तोच ठेवला असेल तर जुनी स्टेपनी चालते, पण तिला जुनेच नट लागतात. ते सहा नट दुकानदाराकडून मागून घ्या आणि पान्यासोबत सीटखाली ठेवा. स्पेसर असेल तर लोखंडी स्टेपनी त्याच्या स्टडांवर टेकते का, हेही तिथेच चाक चढवून पाहा. रात्री अकराला माळशेजमध्ये पाऊस कोसळत असताना ते पाहण्यासारखं नसतं.